उपरण्याखालचा सौदा

आप्पा भांडायचे नाहीत. उभे राहायचे.

कुणी अन्याय केला की डोक्यावरचा पटका काढायचा, दोन्ही हातांत धरायचा आणि त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं. तोंडातून शब्द नाही. सांगलीच्या हळदपेठेतला एवढा मोठा अडत्या उघड्या डोक्यानं दारात उभा म्हटल्यावर बघणाऱ्यालाच कसंतरी व्हायचं. समोरचा माणूस वरमायचा आणि म्हणायचा, "घ्या आप्पा, डोक्यावर घ्या." म्हणजे झालं. तंटा मिटला.

मी त्यांच्याकडं हमाल होतो. माझं गाव रहिमतपूरच्या अंगाला. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. लिहायला बसलो कारण बायको गेली, वर्ष होत आलं, आणि घरात बोलायला कुणी राहिलं नाही. आप्पांच्या गोष्टी ही फार चांगल्या सांगायची. ती आप्पांच्या गोदामात हळद निवडायला होती, मी पोती उचलायला. आता मलाच सांगितल्या पाहिजेत. तिच्यासारखं जमणार नाही, पण खोटं लिहिणार नाही.

स्टँडजवळ एक चहावाला होता. कर्नाटकातनं हळदीच्या गाड्या घेऊन गाडीवान यायचे, त्यांना तो गाववाल्यांपेक्षा चहा महाग द्यायचा. आप्पांना कळलं. गेले आणि विचारलं.

चहावाला म्हणाला, "आवं, परगावची माणसं ती. आज हायेत, उद्या न्हाईत. त्यांच्याकडनं जादा घेतलं तर तुमच्या का पोटात दुखतंय?"

आप्पांनी पटका काढला. उन्हात उभे. आत बसलेल्या गिऱ्हाइकांच्या घशाखाली चहा उतरेना. एकेक उठून जायला लागला. शेवटी चहावाला फडकं खांद्यावर टाकून बाहेर आला. "घ्या डोक्यावर. समद्यांना एकच भाव. मग तर झालं?" आप्पांनी पटका बांधला, बाकावर बसून चहा मागवला आणि साखर कमी आहे म्हणून त्याला पुन्हा दोन शब्द सुनावले.

परतताना मला म्हणाले, "गड्या, च्या म्हाग आसला तर पिऊ न्हाई. पन शेजारच्याला स्वस्त आन मला म्हाग, ह्यो पैशाचा हिशेब न्हाई. ह्यो अपमान हाय."

माणूस गोड नव्हता, हे आधीच सांगतो. हळकुंड चघळून दात पिवळेजर्द. कौतुक कुणाचं करायचे नाहीत. कुणी हात पुढं केला तर स्वतःचे हात मागं घ्यायचे. कलेक्टरनं हात पुढं केला तरी लांबनं नमस्कार. म्हणायचे, "हात काय हलवायची वस्तू हाय? हातानं बोलायचं आसतं."

ते खरंही होतं. आमच्या पेठेत हळदीचा भाव तोंडानं ठरत नसे. अडत्या खांद्यावरचं उपरणं हातावर टाकायचा, घेणारा त्याखाली हात घालायचा, आणि दोघं बोटांनी बोलायचे. जितकी बोटं धरली तितका आकडा. आकडा शेकड्याचा की दहाचा, ते दोघांना आधीच ठाऊक असायचं. मान्य असेल तर तळव्यावर तळवा. वरून बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसतं. पण आम्ही हमाल ओळखायचो. सौदा पटला की अडत्याचं कोपर खाली येतं. आणि एक कायदा होता: उपरण्याखालचं बाहेर सांगायचं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवाला नाही.

दुकानात एकच घड्याळ होतं आणि ते आपली वेळ दाखवत नसे. ते 'पलीकडची' वेळ दाखवायचं. समुद्रापलीकडच्या एका देशात आप्पांच्या धाकट्या भावानं हळद दळायची गिरणी काढली होती. त्या देशाचं नाव आप्पा कधी घेत नसत, नुसतं 'पलीकडं' म्हणत. आम्ही भाकरी खायला सुट्टी मागितली तर घड्याळाकडं बघून म्हणायचे, "तिकडं आजून न्ह्यारी चाललीया. उचला पोती."

गिरणीवर इथनं गेलेली चार माणसं होती. धाकले मालक म्हणजे आप्पांचा तो भाऊ, एक कारकून, एक स्वयंपाकी आणि माझा मेव्हणा. मेव्हणा आष्ट्याचा. पलटणीत इंजिनं दुरुस्त करायचा, तिथनं सुटल्यावर आप्पांनी त्याला यंत्रावर धाडला. आई लहानपणीच गेली, तर हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो बोटीत बसला तेव्हा ही हसत होती आणि घरी येऊन चूल पेटवता पेटवता रडली.

मोठ्या दुष्काळानंतरचं साल. हळद झकास आली होती. आणि पलीकडच्या सरकारनं नवा कर काढला. परदेशी कंपनी असेल तर गाववाल्याच्या दुप्पट. तोही मागल्या सालांपासून. गिरणी विकली तरी भागणार नाही एवढा. इथनं रक्कम पाठवायची तर आपलं सरकार पैसा देशाबाहेर सोडत नव्हतं. तिकडच्यांनी गिरणीला कुलूप लावलं, चौघांचे पासपोर्ट काढून घेतले, आणि कर भरल्याशिवाय देश सोडायचा नाही असा हुकूम केला. पुढं तुरुंगात घालणार, असं मेव्हण्यानं कळवलं. त्यानंतर त्याचं पत्र यायचं थांबलं.

आप्पा दिल्लीला गेले. परराष्ट्र खात्याच्या फाटकासमोर पटका हातात घेऊन उभे राहिले. तिथल्या शिपायाला काय कळणार? त्यानं भला माणूस अडचणीत आहे असं समजून पटक्यात नाणं टाकलं. आप्पांनी ते उचलून त्याच्या स्टुलावर ठेवलं आणि पुन्हा उभे राहिले. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. आम्ही हसलो नाही.

शेवटी एका साहेबानं आत घेतलं. मूळचा पुण्याचा होता, मराठी बोलला. म्हणाला, "आपल्या सरकारनं कडक निषेध नोंदवलाय. आपल्या तिकडच्या राजदूतानं स्वतः जाऊन खलिता दिलाय."

आप्पांनी विचारलं, "खलिता दिल्यावर त्यो तितं उभा ऱ्हायला का?"

"नाही. देऊन परत येतात."

"मग त्येला निषेद कशापायी म्हंता?"

पलीकडनं उत्तर आलं, विचार चालू आहे. आपण पुन्हा निषेध केला. पुन्हा विचार चालू. असं चाललं. ही गोदामात हळद निवडायची आणि तिची नजर त्या घड्याळावर. निवडलेल्या हळकुंडात खडे जायला लागले. आप्पा एरवी ओरडले असते. त्या वर्षी गप्प बसून खडे स्वतः वेचायचे.

मग एक दिवस दिल्लीचा तो साहेब स्वतः सांगलीत आला. पलीकडच्या सरकारला हळद हवी होती, लय मोठी खरेदी. त्यांच्या वकिलातीतला एक अंमलदार दुसऱ्या दिवशी पेठ बघायला येणार होता. मोठा माल आप्पांकडं, म्हणून आप्पांच्या गोदामात यावंच लागणार.

साहेबानं आप्पांना बाजूला घेतलं. मी पोत्यांना सुतळी मारत होतो, ही सुपात हळद घेऊन बसली होती. सगळं ऐकू आलं.

"हे बघा, बोलणी वरच्या पातळीवर चालू आहेत. उद्या तुम्ही कराबद्दल एक शब्द काढलात तर तो चिडून निघून जाईल. मग तुमची माणसं तिथंच सडतील. माझ्या हातात काही राहणार नाही."

"एक सबूद काढनार न्हाई," आप्पा म्हणाले.

"आणि तो पटका."

"पटका बी डोक्यावरच ऱ्हाईल."

साहेब गेल्यावर ही उठून आप्पांच्या पुढं गेली. "आप्पा, त्यो मानूस हितवर येनार आन तुमी गप ऱ्हानार? माझा भाऊ हाय तितं."

"माझा बी हाय, पोरी," आप्पा म्हणाले. "बस खाली. उद्याच्या मालात खडा दिसाय नगो."

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. उंच, कोट घातलेला, हळदीच्या धुळीनं नाकाला रुमाल लावलेला. दारावर कंपनीची पाटी होती, खाली इंग्रजीत पलीकडच्या गावाचं नाव. त्यानं ती वाचली आणि त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. म्हणजे आमच्या कराचे कागद त्याच्या टेबलावरनं गेले होते. दिल्लीचा साहेब घाईघाईनं त्याला आत घेऊन गेला.

आप्पांनी माल दाखवला. हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. तोंडातून कामापुरतेच शब्द. ही समोर बसली होती, हातातलं सूप हलत नव्हतं. मी पाठीवर पोतं घेऊन उभा, खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

शेजारच्या कट्ट्यावर दुसऱ्या दोघा व्यापाऱ्यांचा सौदा चालला होता. उपरणं हलताना पाहुण्यानं पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. साहेबानं आप्पांना विचारून इंग्रजीत सांगितलं. पाहुणा खूश झाला. म्हणाला, मलाही दाखवा.

आप्पांनी आधी उघड्या हातावर शिकवलं. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तळव्यावर तळवा म्हणजे कबूल. माणूस हुशार, पटकन शिकला. मग आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि दोघांच्या हातावर टाकलं.

सौद्याशिवाय जन्मात कुणाचा हात धरला नाही असा माणूस. हा खेळ नाही, हे मला तेव्हाच कळलं.

उपरणं हललं. आप्पांनी मान वर केली आणि दारावरच्या पाटीकडं बघितलं. तेवढंच. परत पाहुण्याकडं. पाहुणा हसत होता तो थांबला. त्यानं हात ओढायचा प्रयत्न केला. उपरणं ताणलं. आप्पांनी सोडलं नाही.

"काय चाललंय?" साहेब म्हणाला.

"भाव," आप्पा म्हणाले.

साहेब पुढं सरकला. पण करणार काय? शब्द निघाला नव्हता, पटका डोक्यावर होता.  पाहुण्यानं मान हलवली, नाही म्हणून. उपरणं पुन्हा हललं. पुन्हा नाही. गोदामात हळद निवडणाऱ्या वीस बायका, एकीच्या बांगडीचा आवाज नाही. मग पाहुण्याचा हात कापडाखाली हलला आणि गच्च थांबला. काहीतरी सांगून थांबला, अडून बसला. आप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

आणि आप्पांचं कोपर खाली आलं.

पाहुण्यानं हात काढून रुमालाला पुसला, एक अक्षर न बोलता गाडीत जाऊन बसला. साहेब मागं धावला. ही आप्पांकडं गेली. "काय ठरलं? आप्पा, काय ठरलं?"

"उपरन्याखालचं सांगायचं नसतं, पोरी."

"मी काय दलाल हाय व्हय? मी भन हाय त्येची!"

आप्पांनी उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं आणि घड्याळ बघितलं.  

काही आठवड्यांनी दिल्लीहून तार आली. पलीकडच्या सरकारनं सद्भावना म्हणून तीन माणसांना देश सोडायची परवानगी दिली आहे. नावं ताबडतोब कळवा.

तेव्हा कळलं काय झालं होतं ते. आप्पांनी चार बोटं धरली असणार. त्यानं तीन दिली. आणि आप्पांनी तळवा टेकवला. तो माणूस का कबूल झाला, मला ठाऊक नाही. हळद पाहिजे होती म्हणा, नाहीतर आप्पांच्या पंजाची पकड म्हणा.

त्याबद्दल आप्पा माझ्याशी एकदाच बोलले, तेही अर्धंच. "मला वाटलं गड्या, आज एवडं पदरात घिऊ, ऱ्हायलेलं फुडल्या बाजाराला." पेठेत तसंच चालायचं. आज पटलं तेवढं पटलं, उरलेल्या मालाला पुढचा बाजार असतोच. चाळीस वर्षं त्यांचा हात तेच करत आला होता. पण सरकारचा पुढला बाजार नसतो. आप्पा पुन्हा दिल्लीला गेले तेव्हा साहेबानं सांगितलं, "प्रकरण मिटलं. तीन माणसं सुटली म्हणून आपण निषेध मागं घेतला. आता पुन्हा कुठल्या तोंडानं करायचा?"

पण ते नंतर. तार आली त्या दुपारी आप्पांनी हिला दुकानात बोलावलं. मी दारात उभा राहिलो.

"तुज्या भावाचं पुरं नाव सांग. बापाचं नाव, आडनाव. नीट सांग, तारंत चूक नगो."

हिनं सांगितलं.  मग म्हणाली, "आन बाकी दोन?"

"कारकून आन सैपाकी."

ही उभीच राहिली. "आन धाकलं मालक?"

आप्पांनी हळकुंड तोंडात टाकलं. "त्यो मालक हाय. दुकान बंद करून मालकानं शेवटी निगायचं आसतं."

"आप्पा, धाकल्या वैनींना काय सांगनार?"

आप्पांनी तारेचा कागद पुढं ओढला आणि नावं लिहायला घेतली.

मेव्हणा आला. वाळून काटकी झालेला. आष्ट्यात उतरला तेव्हा हिनं त्याला पोत्यासारखा कवटाळला, सोडेना. तो म्हणाला, धाकले मालक बंदरापर्यंत पोचवायला आले होते, पोलीस संगतीला होता. म्हणाले, आप्पाला सांग, बरोबर केलंस. पण ते म्हणताना मालकांनी तोंड समुद्राकडं केलं होतं.

हे आम्ही आप्पांना सांगितलं. पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

धाकल्या वैनींचं घर नदीकडच्या गल्लीत. आप्पांच्या घराण्यात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी तोंडानं बोलायचं नाही अशी रीत. तिनं पदर पुढं ओढायचा, त्यानं खाली बघून जायचं. मग हा माणूस सांगणार कसा? सकाळी लोकांनी बघितलं, आप्पा त्या दारात उभे. उघडं डोकं, पटका हातात. या वेळी निषेध कुणाचा, हे गल्लीला कळेना. मला कळलं. हिला माझ्याआधी कळलं.

वैनी दारात आल्या. पदर पुढं होता. त्यांनी पटक्याकडं बघितलं. 'डोक्यावर घ्या' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. दार लावून घेतलं. धाडकन नाही, हळू.

त्या दिवसापासून आप्पांनी पटका डोक्याला लावला नाही. हातात घेऊन पेठेत यायचे, गादीवर बाजूला ठेवायचे, जाताना हातात घेऊन जायचे. लोक म्हणायचे, म्हातारा चळला. चहावाला एकदा समोर आला. "आप्पा, आमी काय केलंय का? केलं आसंल तर चुकलं. घ्या डोक्यावर." आप्पा म्हणाले, "तू न्हाई रं. तुज्या च्यात आजून साखर कमी हाय, पन त्ये न्हाई."

ही दर बाजारच्या दिवशी वैनींकडं जायला लागली. पहिल्या वेळी दारातच म्हणाली, "वैनी, माझा भाऊ आला. तुमचा मानूस ठिवून आला. मला तोंड दावायला जागा न्हाई." वैनी म्हणाल्या, "त्यात तुझ्या भावाचा काय गुन्हा? आत ये, भाकरी खा." दोघी बसायच्या. काय बोलायच्या, मला ठाऊक नाही. घरी आल्यावर हिचे डोळे लाल असायचे, पण वैनींनी दिलेलं लोणचं पदरात असायचं.

वर्षं गेली. इथं आणीबाणी आली आणि गेली. पलीकडं राज्य बदललं, नव्या सरकारनं जुना कर काढून टाकला. ज्या करापायी एवढं झालं तो एका सकाळी नुसता रद्द. धाकले मालक सुटले.

सांगली स्टेशनला आम्ही सगळे गेलो. वैनी हिच्या शेजारी, पदर पुढं. आप्पा फलाटाच्या टोकाला एकटे, पटका हातात. गाडी थांबली. डब्यातनं पांढऱ्या केसांचा एक माणूस उतरला, मी ओळखला नाही. आप्पांनी ओळखला.

धाकले मालक बायकोकडं न बघता सरळ आप्पांसमोर गेले. आप्पा हलले नाहीत. पायाला वाकतील, मिठी मारतील, नाहीतर थोबाडीत मारतील, असं मला वाटलं. त्यांनी आप्पांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं, दोघांच्या हातावर टाकलं आणि खाली हात घातला.

कापड हललं.  मग आप्पांचं कोपर खाली आलं.

धाकल्या मालकांनी आप्पांच्या डाव्या हातातला पटका घेतला आणि त्यांच्या डोक्यावर स्वतः ठेवला. वाकडा बसला होता. आप्पांनी तो तसाच वाकडा घरापर्यंत नेला. मागनं वैनींचा हुंदका ऐकू आला, आणि हिनं माझा दंड एवढा दाबला की वळ उठला.

त्या दिवशी कापडाखाली काय बोलणं झालं, दोघांनीही मरेपर्यंत सांगितलं नाही. आता दोघं नाहीत. पेठेतला भावही आता मोठ्यानं ओरडून ठरतो, म्हणतात.

ही गेल्या साली साताऱ्याच्या दवाखान्यात होती. वाचा गेली होती. मेव्हणा खाटेशी बसलेला, तोही आता म्हातारा. दुपारची वेळ, खिडकीतनं ऊन पायावर आलं होतं. हिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडं. मला आधी कळेना. मग टॉवेल काढून आमच्या हातावर टाकला. आयुष्यभर हळद निवडलेली बोटं, त्यांनी माझी बोटं धरली.

मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, अक्का काय म्हंती?"

मी म्हणालो, "उपरन्याखालचं सांगायचं नसतं."

मग तिनं तळवा माझ्या तळव्यावर टेकवला. माझं कोपर खाली आलं.